सही ग्राहकाची, शब्द मात्र समोरच्याचा

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. या ऊसपट्ट्यात कुटुंबाचे मोठे व्यवहार उसाच्या बिलाच्या भरवशावर ठरतात. ट्रॅक्टर घ्यायचा असो, मुलासाठी कोल्हापुरात सदनिका घ्यायची असो वा विमा उतरवायचा असो. अखेरीस समोर येतो तो छापील कागदांचा गठ्ठा. बारीक टाइपातील इंग्रजी मजकूर आणि सहीसाठी पेन्सिलीने मारलेल्या फुल्या. ‘इथे सही करा’ एवढेच काय ते मराठी त्या व्यवहारात कानी पडते. शब्दाला जागणारा माणूस सही करतो. पण आपण नेमक्या कोणत्या शब्दाने बांधले गेलो, हे त्याला बहुधा हप्ता थकल्यावरच उमगते.

1872 च्या करार कायद्याने मुक्त संमती हा कराराचा पाया मानला. परंतु एकाने मजकूर छापायचा आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा किंवा रिकाम्या हाताने परतायचे, अशी स्थिती असेल तर त्या संमतीला मुक्त कसे म्हणावे? विधी आयोगाने 1984 मध्ये आपल्या 103 व्या अहवालात आणि पुन्हा 2006 मध्ये 199 व्या अहवालात नेमक्या याच प्रश्नावर कायदा करण्याची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात उतरण्यास 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा यावा लागला. त्याची अंमलबजावणी जुलै 2020 मध्ये सुरू झाली.

या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच ग्राहक कायद्यात आणली. अवाजवी अनामत रक्कम मागणे, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड आकारणे, ठरलेला दंड भरूनही मुदतपूर्व कर्जफेड नाकारणे, सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडणे, ग्राहकाच्या संमतीविना त्याचे अहित होईल अशा रीतीने करार तिसऱ्याच्या हाती सोपवणे आणि त्याला तोट्यात लोटणारी गैरवाजवी अट लादणे, असे सहा प्रकार त्यात नमूद आहेत. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही. त्यामुळे स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर घेणाराही या संरक्षणास पात्र ठरू शकतो.

करार पवित्रच असतो, सही केल्यावर कुरकुर कसली, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे. बुडव्याला या कायद्याचा आडोसा मिळता कामा नये. परंतु पावित्र्य दोन्ही बाजूंनी पाळायचे असते. गुरुग्राममधील एका गृहप्रकल्पाच्या करारात ग्राहकाने विलंब केल्यास 18 टक्के व्याजाची तरतूद होती. बांधकाम कंपनीने मुदत चुकवून पैसे परत करायची वेळ आली, तर मात्र परताव्याची मुदत उलटल्यानंतरच 9 टक्के! एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा एकतर्फीपणा अनुचित व्यापारी प्रथा ठरवला. ‘रेरा’ कायद्यानेही विलंबाच्या व्याजाचा दर दोघांना समान केला आहे. समान माप हाच खरा न्याय.

मग उणीव कोठे आहे? ती न्यायाच्या दारात आहे. एरवी 50 लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते. परंतु करारातील अटच अनुचित म्हणून रद्द करून घ्यायची असेल, तर कायद्याने तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांनाच दिला आहे. व्यवहार दोन-चार लाखांचा असला तरीही! बिद्रीच्या शेतकऱ्याने काही हजारांच्या दंडाविरुद्ध राज्य आयोगाची पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहार्य आहे काय? हक्क आहे, पण तो बजावण्याचा खर्च हक्काहून मोठा! अशा हक्काची शोभाच अधिक.

म्हणून दोन मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. जिल्हा आयोगाच्या आर्थिक मर्यादेतील व्यवहारांपुरता अनुचित अटी रद्द करण्याचा अधिकार त्या आयोगालाच द्यावा, ही पहिली. आणि सहीपूर्वी कराराची मराठी प्रत ग्राहकाच्या हाती पडावी, तीत दंड, व्याज व करार मोडण्याच्या अटी ठळक अक्षरांत असाव्यात, ही दुसरी.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा 1986 चा पहिला ग्राहक संरक्षण कायदाही बारा वर्षे दूर होता. समाज आधी जागा झाला, शासन मागाहून आले. आजही तोच मार्ग आहे. गावातील शिकलेल्या तरुणाने शेजाऱ्याच्या घरी बसून त्याचा करार सहीपूर्वी वाचून दाखवावा. प्रत मागून घ्यावी. अडल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर विचारावे. या अर्ध्या तासाच्या सेवेने एखाद्या घराचे शिवार वाचू शकते.

सही हा माणसाचा शब्द असतो. तो शब्द काय आहे, हे देणाऱ्याला आधी कळायलाच हवे.