मोटारीचा पाण्याचा पंप

पनवेल हें घाटाच्या वाटेवरचें गांव. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून पुण्याकडे जाणाऱ्यानें आपलें वाहन तपासून घ्यावें तें येथेंच. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा होऊन प्रवास सुखाचा झाला खरा. परंतु खंडाळ्याची पांचशें मीटरांहून अधिक उंची त्यामुळें कांहीं कमी झालेली नाहीं. चढावर मोटार उकळूं लागली म्हणजे दोष पुष्कळदां पाण्याच्या पंपाचा निघतो. तो घरीं बदलतां येईल काय, या प्रश्नाचा आज विचार करूं.

पंपाचें काम साधें आहे. एंजिनाभोंवतीं तापलेलें पाणी रेडिएटरकडे ढकलावयाचें व निवलेलें परत आणावयाचें. फोर्डच्या टी नमुन्याच्या मोटारींना, अगदीं पहिल्या कांहीं सोडल्यास, पंप नव्हताच; ऊन पाणी वर चढतें आणि थंड खालीं उतरतें, या न्हाणीघरांतल्या बंबाच्या नियमावरच त्यांचें भागे. पुढें एंजिनें जोरकस झालीं आणि पंप आला. त्याचें बेअरिंग झिजलें कीं पंखा किंवा कप्पी डुलूं लागते. सील गेलें कीं पंपाच्या अंगच्या बारीक भोकांतून थेंब पडूं लागतात. हे थेंब घाटाच्या आधीं दिसले तर नशीबच म्हणावयाचें.

आतां आमचें मत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची जुनी फियाट किंवा पद्मिनी ज्यांच्या वाड्यांत अद्याप आहे, त्यांनीं हें काम खुशाल हातीं घ्यावें. तिचा पंप समोरच असून बाहेरच्या पट्ट्यानें फिरतो. परंतु अनेक नव्या मोटारींत पंप टायमिंग बेल्टच्या मागें दडलेला असतो. तो पट्टा एका दांत्यानें जरी चुकला, तरी कित्येक एंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा संभव असतो. तेथें चार पैसे वांचविण्याच्या भरीस न पडतां माहितगार मेकॅनिककडेच जावें.

एंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झांकणाला हात लावूं नये. हें झांकण प्रेशर कुकरप्रमाणें दाब धरून ठेवतें. आंतलें पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं, तें झांकण काढतांच उसळून तोंडावर येतें. सायंकाळीं मोटार उभी करून सकाळीं काम आरंभावें, हें उत्तम. बॅटरीची एक तार सोडवावी, पाणी काढावें, पट्टा सैल करावा, पंखा उतरवावा. बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृति काढून ज्याचा त्याचा बोल्ट जेथल्या तेथें खोंचून ठेवावा.

खरी परीक्षा पुढेंच आहे. जुनें पॅकिंग एंजिनाला घट्ट चिकटलेलें असतें, आणि घाईंत तें स्क्रूड्रायव्हरनें ओरबाडण्याचा मोह होतो. एकदां धातूला चर पडला कीं नवा पंपहि गळूं लागतो. अर्धा तास गेला तरी चालेल, परंतु ती जागा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत बोथट पात्यानें साफ करावी. मग नवें पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, आळीपाळीनें आवळावे. येथें ताकदीपेक्षां सबुरीच कामीं येते, म्हणून तापट मंडळींनीं पाना दुसऱ्याच्या हातीं द्यावा!

कोंकणांत बर्फ पडत नाहीं, मग कूलंट कशाला, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. कूलंट गंजहि रोखतें आणि पाण्याचा उत्कलनबिंदूहि वाढवितें. विहिरीच्या पाण्यानें आंत क्षार धरतात. परंतु घरांत लहान मुलें असलेल्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी असतें. अंगणांत उघडें राहिलेलें घमेलें मांजराच्या, दारच्या गाईच्या, रांगत्या बालकाच्याहि जिवावर बेतूं शकतें. काढलेलें पाणी ताबडतोब झांकणाच्या डब्यांत भरून, वर नांव लिहून गॅरेजवाल्याकडे पोंचतें करावें. गटारांत ओतूं नये, कारण पनवेलचें सांडपाणी गाढी नदीपर्यंत जावयास वेळ लागत नाहीं.

शेवटीं नवें कूलंट भरून, झांकण उघडें ठेवून एंजिन थंड असतांनाच सुरू करावें व वर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत मंद चालवावें. पहिली फेरी सपाटीवरच मारावी. मोटार रात्रभर निवूं द्यावी, सकाळीं पाण्याची पातळी पहावी आणि पंपाखालीं अंथरलेला कागद कोरडा आहे कीं नाहीं तें पाहूनच घाटाचा बेत करावा.