रात्रपाळी कुणाची?

दर्यापूर तालुक्यातली एक बाई डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन अमरावतीला आमच्या सल्ला केंद्रात आली. आम्ही नेहमीप्रमाणे मारहाणीची नोंद करायला बसलो. ती म्हणाली, "मारलं नाही ताई त्याईनं. झोपीत हात लागला." असं तर सगळ्याच सांगतात, असं आम्हाला वाटलं. या वेळी ते खरं निघालं.

नवऱ्याला पार्किन्सन, म्हणजे कंपवात. स्वप्न पडताना आपलं शरीर एरवी निश्चल राहतं. या आजारात पुष्कळदा ते राहत नाही. माणूस स्वप्नातलं भांडण अंथरुणात भांडतो, ओरडतो, लाथा झाडतो. कित्येकांत हे हात थरथरू लागण्याच्या अनेक वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे रोगाची पहिली साक्षीदार शेजारी झोपणारी बायको! तिला विचारतं कोण? या बाईच्या सासूनं तर 'बाहेरचं' म्हणून तिलाच दोष दिला होता.

उरलेली रात्रही जागतीच. संध्याकाळच्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर ओसरला की अंग लाकूड होतं, कूस बदलता येत नाही. लघवीला दोन-तीनदा उठवावं लागतं. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळही बिघडतं, त्यात काही गोळ्यांनी दिवसा झापड येते. तो दुपारी खाटेवर डुलक्या घेतो. त्यात त्याचा दोष नाही. पण ती सकाळी कापूस वेचायला गेलेली असते.

जेम्स पार्किन्सननं १८१७ सालच्या निबंधातच रोग्याची झोप मोडते हे लिहून ठेवलं. उशाशी जागणारीची झोप मात्र आजही केसपेपरवर येत नाही. सरकारी कागदावर तरी येते का? २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायांचे दिवसाला १३४ मिनिटं भरले, पुरुषांचे ७६. आता मेख पाहा. एकाच अर्ध्या तासात अनेक कामं झाली, तर दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलीच धरली गेली. कूस वळवायला पाच मिनिटं लागतात. रात्रीत चारदा उठलेली बाई कागदावर गाढ झोपलेली!

याला 'पतिसेवा' म्हणून ओवाळणारे, बाई आजारी पडली की कुठे असतात? अकोल्यातल्या आमच्या एका मैत्रिणीला हाच आजार. झोप येत नाही म्हणाली, तर "पाळी जायचं वय आहे" सांगून तिला झोपेची गोळी दिली गेली. तिच्यासाठी रात्री नवरा नव्हे, शाळकरी मुलगी उठते.

आमचं मागणं अवघड नाही. तपासणीत रात्रीबद्दल विचारा, आणि तिलाही विचारा. झोपेतल्या हातवाऱ्यांवर औषध आहे, रात्रीच्या गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टर बदलू शकतात. सकाळच्या उन्हात बसवल्यानं घड्याळाला मदत होते. खाटा वेगळ्या करा. ती 'नवऱ्याला टाकणं' नव्हे. आणि घरातल्या पुरुषांनी पाळी लावावी.

दर्यापूरच्या घरी आम्ही हे बोललो. खाटा वेगळ्या झाल्या. पाळीचं निघाल्यावर दीर म्हणाला, "मले सकाळी कामाले जा लागते."

"अन् मले?" ती म्हणाली. आमच्यासमोर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.