वर्षाची वर्गणी आणि बारा दिवसांचा व्यायाम

जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला, की दारात पडलेल्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत, रंगीत कागद घरंगळून खाली पडतो. त्यावर पिळदार दंडांचा एक तरुण उभा असतो. आणि वर्षाची वर्गणी एकरकमी भरल्यास निम्मी सवलत, तीही फक्त येत्या रविवारपर्यंत, असे आवाहन असते. हा रविवार पुढे होळीपर्यंत येतच राहतो. आमच्या अंकाच्या घडीतूनही असे कागद पडतात आणि आमच्या स्तंभांतूनही अशा जाहिराती झळकतात, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते जाहिरातदारांस रुचेल असे नाही.

पुणेकरांत व्यायामाची हौस वाढत असेल तर आम्हांस आनंदच आहे. तिची गरज किती आहे हे सांगावयास वैद्यांकडे जावयास नको. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' ह्या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ स्त्रीपुरुष पुरेशी हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण शेकडा ५७ होते आणि पुरुषांत ४२. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली घालून दिलेले प्रमाण असे, की प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंस ताकद येईल असा व्यायाम करावा. दीडशे मिनिटे म्हणजे रोजची बावीस मिनिटेदेखील होत नाहीत. एवढ्यासाठी अठरा-वीस हजार रुपये आगाऊ मोजणे मध्यमवर्गीय गृहस्थास खरोखरच आवश्यक आहे काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

हिशेब मांडून पाहावा. एखाद्याने वर्षाचे अठरा हजार भरले आणि तो वर्षातून दोनशे दिवस गेला, तर दर खेपेस त्याला नव्वद रुपये पडले. हे महाग नव्हे. परंतु तोच गृहस्थ जानेवारीत बारा दिवस गेला, फेब्रुवारीत मुलाच्या परीक्षेमुळे तीन दिवस गेला, आणि मार्चनंतर त्याने ती पायरी चढलीच नाही, तर त्याची प्रत्येक खेप बाराशे रुपयांची झाली. ह्या दोघांपैकी पहिल्याचे पैसे घेऊन कोणताही जिमवाला श्रीमंत होणार नाही. त्याचा धंदा दुसऱ्यावर चालतो. दालनात धावण्याचे पट्टे दहा आणि सभासद हजार, हे गणित सभासद येत नाहीत म्हणूनच जमते. सर्वांनी एकाच संध्याकाळी हजेरी लावावयाचे ठरविले, तर त्यांस जिन्यातही उभे राहता येणार नाही.

ही केवळ आमची कुजकट शंका नव्हे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे, असाच त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत होते आणि दर खेपेस त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचे तिकीट घेतले असते तर दहा डॉलरांत एक खेप झाली असती. माणसे मूर्ख होती म्हणून असे घडले, असे आम्हांस वाटत नाही. पैसे भरताना प्रत्येकाने उद्याच्या स्वतःवर विश्वास टाकला होता, आणि तो उद्याचा माणूस आलाच नाही.

वर्गणीवरील कराबाबतही वाचकांनी जागरूक असावे. जिमच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा १८ वरून ५ वर आला. अठरा हजारांच्या मूळ वर्गणीवर पूर्वी ३२४० रुपये कर होत असे, तो आता ९०० होतो. मात्र ह्या कपातीबरोबर जिमचालकांस यंत्रांवर आणि जागेच्या भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. तेव्हा मूळ वर्गणीच थोडी वर सरकवून तूट भरून काढण्याचा मोह त्यांस होणे स्वाभाविक आहे. ज्यांनी कपातीनंतर नूतनीकरण केले असेल त्यांनी जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून पाहावी.

आगाऊ रक्कम भरण्याचा खरा धोका पुणेकरांनी २०२० साली अनुभवला आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महासाथीमुळे जिमना टाळे लागले, ते राज्यात थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडले. फेब्रुवारीत वर्ष भरून बसलेल्यांचे सात महिने वाहून गेले. काहींस मुदतवाढ मिळाली, काहींस उत्तरही मिळाले नाही. महासाथ तर दैवी आपत्ती झाली; पण एरवीही बदली होते, पाय मुरगळतो, बाळंतपण येते, आणि क्वचित जिमचालकच एका सकाळी शटर ओढून निघून जातो. अशा वेळी पावतीमागील बारीक अक्षरे दाखविली जातात: पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत. ही अक्षरे म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या करारास 'अनुचित करार' म्हटले आहे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना शुल्क पडत नाही. तथापि अठरा हजारांसाठी आयोगाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा ते आधी न भरणे अधिक सोयीचे.

आमचा सल्ला असा, की ज्याला जिमला जावयाचे आहे त्याने प्रथम चार आठवडे स्वतःची फुकट परीक्षा घ्यावी. आठवड्यातून चार दिवस, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. सोळापैकी तेरा-चौदा दिवस साधले तर वर्गणी भरावी, आणि तीही महिन्याची. महिन्याचा दर महाग असतो हे खरे. समजा, वर्षाचे अठरा हजार आणि महिन्याचे अडीच हजार आहेत. तर वर्षाचा करार परवडतो तो आठव्या महिन्यातही जो जात असेल त्यालाच. चौथ्या महिन्यात ज्याचा उत्साह मावळतो त्याचे महिन्याच्या हिशेबाने आठ हजार वाचतात. आपण ह्या दोहोंपैकी कोण, हे आपल्या घरच्या मंडळींस विचारावे. ती सहसा चुकत नाहीत.

आणि परीक्षेच्या त्या चार आठवड्यांत करावयाचे काय? त्यासाठी ह्या शहरात पैसे लागत नाहीत, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजेच मध्यम श्रमाची हालचाल. पर्वतीच्या १०३ पायऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून तेथेच आहेत. त्या दोनदा चढून उतरावयास कोणी पावती मागत नाही. ताकदीसाठी जोर आणि बैठका आहेत. ज्याला जमिनीवर जोर निघत नाहीत त्याने भिंतीवर हात टेकून आरंभ करावा, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. साठी उलटलेल्यांनी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठून बसावे. ही बैठकच आहे. उचलावयास वजन हवे तर दळणाचा पाच किलोचा डबा घरात असतोच. मात्र केवळ चालणे म्हणजे संपूर्ण व्यायाम, ही निवृत्तांच्या कट्ट्यावरील समजूत बरोबर नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि ते चालण्याने पुरते सावरत नाहीत. हृदयविकार, रक्तदाब किंवा मणक्याचे दुखणे असेल तर सूर्यनमस्कारासारखा सोपा दिसणारा व्यायामही डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये.

सूर्यनमस्काराचा उल्लेख आला म्हणून औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांची आठवण होते. त्यांनी हा व्यायाम आपल्या संस्थानातील शाळांत रुजविला आणि त्यावर पुस्तके लिहिली. संस्थान लहान आणि खजिना बेताचा; त्यामुळे माणसाच्या लांबीएवढी जागा आणि एक सतरंजी एवढ्यात मावणारा व्यायाम त्यांस मोलाचा वाटला असल्यास नवल नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष पुस्तके बाजूस सारून शरीर कमावण्यात घालविले, ही कथा पुण्यातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. त्यांना कुस्ती, पोहणे आणि दूध एवढ्यावर ते साधले. अमरावतीस १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले ह्यांच्या महाराष्ट्रीय मंडळाचे कार्य १९२४ पासून चालू आहे. पेठापेठांतून तालमी होत्या; मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या नावातच तालीम आहे. ह्या संस्थांनी व्यायाम विकला नाही, तो शिकविला. आणि वर्गणी घेतली ती माणूस येत राहावा म्हणून.

त्या तालमीचे दार सर्वांस सारखेच उघडे होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्त्रियांस ते बंदच होते, आणि कित्येक ठिकाणी जात पाहून उघडत असे. आजच्या जिमने स्त्रियांस एक उजेडाची, दार लावलेली, कोणी टक लावून पाहणार नाही अशी जागा दिली, हे तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. नोकरी आटोपून सात वाजता घरी येणाऱ्या स्त्रीस टेकडीवर फिरावयास जा, असे सांगणाऱ्याने आधी तो रस्ता सात वाजता स्वतः पाहून यावा. ती जे पैसे भरते त्यांतील मोठा भाग व्यायामाचा नसून रस्त्यावर न लागलेल्या दिव्यांचा असतो.

येथेच आमच्या मते ह्या विषयातील मर्म आहे. मध्यमवर्गाने वातानुकूलित दालनात जाण्यास हरकत नव्हती. पण जाताना त्याने मैदानाची चौकशी करणेही सोडले. ज्यांना लेख लिहिता येतात, माहितीच्या अधिकाराचे अर्ज करता येतात, ज्यांचे फोन अधिकारी उचलतात, ती माणसे मैदानातून उठून गेली. मग मैदानावर लग्नाचे मांडव पडले काय, बागेतील मोफत व्यायामयंत्रांचे दांडे मोडले काय, आणि सार्वजनिक व्यायामशाळेची खोली कोणाच्या कार्यालयासाठी गेली काय, विचारणार कोण? उरतो तो वस्तीतील मुलगा. त्याला अठरा हजारांची वर्गणी हा विनोद वाटेल. उलट जेथे ही माणसे उठून गेली नाहीत तेथे काय होते तेही आपण पाहिले आहे. २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध जे पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यांत रोज पहाटे तेथे चालावयास जाणारे अनेक होते. टेकडी त्यांच्या पायांखालची होती म्हणून ती त्यांस आपली वाटली.

म्हणून आम्ही महापालिकेकडे तीन गोष्टी मागतो. तिन्ही स्वस्त आहेत. शहरातील प्रत्येक सार्वजनिक व्यायामशाळेचा पत्ता, वेळ, वर्गणी आणि ती कोणाच्या ताब्यात आहे ह्याची यादी तिने प्रसिद्ध करावी, आणि तीच त्या त्या दारावर लावावी. मोठ्या बागा आणि मैदाने ह्यांच्या वाटांवर रात्री नऊपर्यंत पुरेसा उजेड ठेवावा. शाळांची पटांगणे सकाळी सहा ते साडेसात परिसरातील नागरिकांस उघडी करावीत; पहारेकऱ्याच्या दीड तासाच्या पगाराने कोणतीही महापालिका बुडत नाही. यादी आमच्याकडे आली तर आम्ही ती ह्याच पानावर छापू, जाहिरातीचा दर न लावता.

तोवर वाचकांपुरते एक काम आहे. नव्या सोसायट्यांतून क्लबहाऊस नावाची एक जागा असते आणि तीत दोन धावण्याचे पट्टे, एक सायकल आणि डंबेल्सची एक जोडी असते. सदनिकेच्या किमतीत तिचे पैसे एकदा दिलेले असतात, आणि देखभाल खर्चात ते दरमहा पुन्हा दिले जातात. आणि तरीही त्याच इमारतीतील वीस-पंचवीस माणसे चौकातील जिमला तिसऱ्यांदा पैसे देतात, कारण क्लबहाऊसला कुलूप असते. यंत्रे बिघडतील म्हणून ती लावून ठेवलेली असतात. सोसायटीच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, वेळ ठरवावी, आणि उघडावयाची जबाबदारी पहाटे उठणाऱ्या एखाद्या आजोबांकडे द्यावी. किल्ली बहुधा सेक्रेटरींच्या कपाटात, सोसायटीच्या शिक्क्याशेजारी सापडेल.