पाम म्हणून आणले, निघाले सायकस

कुंड्यांतील झाडांविषयी वाचक भगिनी नेहमीच विचारीत असतात. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. घरात मांजर आहे, ते कुंडीतली पाने कुरतडते, काही अपाय तर होणार नाही ना? झाड कोणते, असे उलट विचारावे तर उत्तर ठरलेले: "पाम आहे." नर्सरीवाल्याने तेच नाव सांगितलेले असते. आमच्या मते सगळा घोटाळा या एका शब्दात आहे.

नर्सरीत पाम म्हणून जे विकले जाते ते सगळे पाम नसते. नारळ, सुपारी, शिंदी, भेरली माड हे खरे ताडकुळातले. कुंडीत लावतात तो अरेका पामही त्याच कुळातला, मूळचा मादागास्कर बेटावरचा. पण 'सागो पाम' या नावाने जे काळपट हिरव्या, ताठ पानांचे झाड मिळते ते पाम नाही. त्याचे नाव सायकस. ते मूळचे दक्षिण जपानकडचे. त्याला फूल येत नाही, शंकू येतो. नात्याने ते नारळापेक्षा देवदाराला जवळचे आहे. डायनोसॉरच्याही आधीपासून हे कूळ पृथ्वीवर आहे. आणि हे झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे.

'सागो' या नावामुळे काहींना वाटते की उपवासाचा साबुदाणा याचाच, म्हणजे झाड निर्धोक. तसे नाही. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, बहुतेक तामिळनाडूत सेलमकडे. सायकसची एक जात आपल्या पश्चिम घाटातही आहे. केरळात तिच्या बियांचे पीठ खातात, पण त्याआधी बिया वाळवून, पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवून विष काढून टाकावे लागते. मांजर असली खटपट करीत नाही.

आता ओळखायचे कसे? दुकानदाराला विचारण्यापेक्षा पान हातात घ्यावे. सायकसच्या पानाची एकेक पाती कडक असते, टोक बोटाला टोचते, कडा खाली मुडपलेल्या असतात आणि पातीच्या मधोमध एकच शीर दिसते. पामच्या पातीला घडी असते, तिच्यात लांबीच्या दिशेने अनेक बारीक रेषा दिसतात. अरेकाची पाती तर मऊ असते, वाऱ्यावर डुलते, आणि तिचे दांडे पिवळसर व बांबूसारखे वळ्यांचे असतात.

फसगत होते ती फिनिक्स पाममुळे. हा शिंदीचा बुटका भाऊ. याच्याही दांड्याला बुडाशी काटे असतात, म्हणून काट्यांवरून निवाडा करू नये. फिनिक्सची पाती पन्हळीसारखी वरच्या बाजूला दुमडलेली असते, सायकसच्या कडा खाली वळतात. एवढे ध्यानात राहिले तरी पुरे. आणखी एक खूण नवीन पानाच्या वेळी दिसते. पामचे नवे पान एकेकटे, भाल्यासारखे मिटून वर येते. सायकसची नवी पाने मात्र एकदम झुपक्याने फुटतात आणि कोवळ्या पात्या नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. नेमकी हीच लुसलुशीत पाने मांजराच्या पिल्लाला खेळायला हवी असतात.

सर्वांत घातक त्याच्या बिया. मादी झाडाच्या डोक्यावर तपकिरी, लोकरीसारखा गड्डा येतो आणि त्यात सुपारीएवढ्या नारिंगी-लाल बिया धरतात. एक-दोन बियांनी कुत्रा दगावू शकतो, मांजराची तर गोष्टच सोडा. रंग असा की लहान मुलेही उचलतील. सोसायटीच्या फाटकाशी, शाळेच्या आवारात, विहाराच्या पायऱ्यांशी शोभेसाठी हे झाड सर्रास लावलेले असते, म्हणून आयाबायांनी हे वाचून सोडून देऊ नये.

विषबाधा झाली तर मांजर लाळ गाळते, ओकते, हगवण लागते, खाणे सोडते. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. मग थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि आपण निर्धास्त होतो. पण खरा घाला यकृतावर असतो. दोन-तीन दिवसांत हिरड्या व डोळे पिवळे पडू लागतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. या विषावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. डॉक्टर उलटी करवतात, औषधी कोळसा देतात, सलाईन लावतात, आणि ते जितके लवकर तितके बरे. म्हणून मिठाचे पाणी, दूध, तूप पाजत घरी बसू नये. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये, ती मांजराला स्वतंत्र विष आहे. झाडाची एक पाती पिशवीत घालून सरळ जनावरांच्या दवाखान्यात जावे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा माहीत आहेच.

मांजर हवे म्हणून बाग सोडायची गरज नाही. अरेका, बांबू पाम, रॅफिस ही झाडे मांजराच्या घरात बिनधास्त ठेवावीत. मांजराला हिरवे चावायची हौस असतेच, तेव्हा एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरून द्यावेत किंवा हरळी लावावी. इतर कुंड्यांची माती उकरू नये म्हणून वर मोठे गोटे पसरावेत. काही घरांत मांजराला हाकलण्यासाठी कुंडीत डांबरगोळ्या टाकतात. ते बंद करा, त्याही मांजराला विषारीच. लिलीच्या फुलांचे गुच्छही मांजराच्या घरात नकोत. त्यांचा नुसता पराग चाटला तरी मांजराची किडनी निकामी होते.

आणि सायकस आधीच दारात असेल तर? कुंडीत असेल तर मांजर नसलेल्या, लहान मूल नसलेल्या घरी द्यावे, पण काय आहे ते सांगून द्यावे. जमिनीत असेल आणि उपटणे जमत नसेल तर जाड हातमोजे घालून गड्डा बिया धरण्याआधीच कापावा, गळलेली पाने रोज उचलावीत. हा कचरा उकिरड्यावर टाकू नये, तिथे दुसऱ्यांची मांजरे फिरतात. पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावा.