लपवून घेतलेली गोळी

मधुमेहाची गोळी जेवणाच्या ताटाशेजारी उघडपणे ठेवली जाते. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली तर घरातले शेंडेफळही आजोबांना तिची आठवण करून देते. दम्याचा पंप शिक्षकाच्या खिशात असतो आणि त्याबद्दल शाळेत कोणी कुजबुजत नाही. मनाच्या आजारावरील गोळीच्या नशिबी मात्र कपाटाचा आतला कप्पा येतो. जीवनसत्त्वांच्या रिकाम्या बाटलीत ती भरून ठेवली जाते, कचेरीत न्यायची झाली तर कागदात गुंडाळून नेली जाते, आणि कोणी विचारलेच तर ‘ॲसिडिटीची आहे’ असे सांगून वेळ मारून नेली जाते.

या लपवाछपवीमागची लज्जा समजण्यासारखी आहे. ज्या समाजात मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढणारा माणूस ‘वेडा’ ठरतो, लग्नाच्या बोलण्यांत त्याच्या उपचारांची चौकशी होते, तेथे तो दुसरे काय करणार? परंतु या लज्जेची किंमत किती जबर असते याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. नैराश्यविरोधी औषधांच्या धोक्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि धोके आहेतही. तथापि त्यांपैकी बहुतेक गंभीर धोके असे आहेत की, दुसऱ्या कोणाच्या तरी वेळीच ध्यानात आले तर ते टळू शकतात. नेमका तो दुसरा माणूस लपवाछपवीमुळे नाहीसा होतो. म्हणून ही औषधे सुरक्षितपणे कशी घ्यावीत, या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘एकट्याने घेऊ नयेत’ हे आहे.

या औषधांचा इतिहास फार जुना नव्हे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील एका क्षयरोग रुग्णालयात १९५२ च्या सुमारास इप्रोनियाझिड हे औषध दिलेल्या रुग्णांची चित्तवृत्ती अनपेक्षितपणे उल्हसित झालेली आढळली. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामीनच्या गुणाविषयीचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली, आणि त्याच गटातील सर्ट्रालीन, एसिटालोप्राम ही नावे आज आपल्याकडील औषधांच्या चिठ्ठ्यांवर नित्य आढळतात. २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आणि त्यांतील १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या तीव्र नैराश्यात ही सर्व औषधे निष्प्रभ गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. हा फरक सर्वसाधारणपणे माफक होता, हेही त्याच अभ्यासातून दिसले. सारांश, ही औषधे जादूची कांडी नव्हेत आणि विषही नव्हेत. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि योग्य देखरेखीखाली दिल्यास ती उपयोगी पडतात. यांतील ‘देखरेख’ हा शब्दच सर्वांत आधी गळून पडतो.

पहिले काही आठवडे

या गोळ्यांचा स्वभाव असा की, त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, झोपेची मोडतोड, जिवाची उलघाल या तक्रारी पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतात. गुण दिसू लागण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागतात, आणि पूर्ण परिणाम कळण्यास सहा ते आठ. ही गोष्ट ज्याला कोणी सांगितलेली नाही, तो दहाव्या दिवशी ‘हे औषध मला मानवत नाही’ असा निवाडा करून मोकळा होतो. बहुतेक किरकोळ तक्रारी एक-दोन आठवड्यांत ओसरतात, हे त्याला ठाऊकच नसते. लैंगिक इच्छा वा क्षमता मंदावणे हा या गटातील अनेक औषधांचा ज्ञात दुष्परिणाम आहे. पण तो डॉक्टरांनाही सांगण्याचा संकोच वाटतो आणि औषध मुकाट्याने बंद होते. वास्तविक मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे मार्ग यावर उपलब्ध असतात. ते सुचवण्यासाठी तक्रार डॉक्टरांच्या कानांवर तर पडली पाहिजे!

याहून गंभीर गोष्ट तरुणांच्या संदर्भातील आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. मुलांवरील व किशोरवयीनांवरील चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन आढळले. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. त्या चाचण्यांत एकही प्रत्यक्ष आत्महत्या घडली नाही, हेही नमूद केले पाहिजे. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षे वयापर्यंत वाढवण्यात आला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नव्हे. उपचाराविना राहिलेले नैराश्यही जीवघेणे असते. अर्थ इतकाच की, औषध सुरू केल्यावर व मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे त्यांच्यावर कोणाची तरी प्रेमळ नजर हवी. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यावर ही नजर कोणाची असणार? तो घरी सांगत नाही, खोलीतल्या सोबत्याला सांगत नाही, आणि वाढलेली तगमग अभ्यासाच्या ताणाच्या खाती जमा होते.

आणखी एक धोका असाच. काही रुग्णांचे नैराश्य हे द्विध्रुवी आजाराचे एक टोक असते. त्यांना केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली तर ते उन्मादाच्या दुसऱ्या टोकाला फेकले जाऊ शकतात. झोपेची गरज उरत नाही, बोलणे अखंड चालते, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. काहीतरी बिनसले आहे हे कळते ते घरच्यांना. पण गोळीच ठाऊक नसेल तर त्यांना या बदलाचा उलगडा होत नाही.

प्रारंभीच्या काळात घरात गोळ्यांचा मोठा साठा असू नये आणि असलेला साठा विश्वासू माणसाच्या हाती असावा, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. इमिप्रामीन, ॲमिट्रिप्टिलीन ही जुन्या गटातील औषधे अतिमात्रेत हृदयाला घातक ठरतात.

दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

या औषधांच्या इतिहासातील एक प्रसंग बोधप्रद आहे. १९६३ मध्ये लंडनमधील तरुण मनोविकारतज्ज्ञ बॅरी ब्लॅकवेल ट्रॅनिलसायप्रोमीन या औषधामुळे होणाऱ्या भयंकर डोकेदुखीचा शोध घेत होते. त्यांना नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याचे पत्र आले. त्याची पत्नी हे औषध घेत होती आणि तिचे डोके चीज खाल्ल्यानंतर असह्य दुखले होते. पत्र प्रथम हसण्यावारी गेले. पुढे तपासाअंती ते खरे ठरले. मुरवलेल्या चीजमधील टायरामीन या द्रव्याचे शरीरात होणारे विघटन या गटातील औषधे रोखतात, त्यामुळे रक्तदाब एकाएकी चढतो आणि प्रसंगी मेंदूत रक्तस्रावही होतो. हे सत्य हाती लागले, कारण पतीला पत्नीची गोळी ठाऊक होती आणि तिच्या ताटात काय वाढले होते तेही ठाऊक होते.

तो औषधगट आज क्वचितच वापरला जातो. परंतु आजच्या औषधांनाही आपले हाडवैरी आहेत, आणि ते अगदी नित्याच्या व्यवहारात भेटतात. कंबर धरली म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या कारकुनाला ट्रामाडॉल दिले जाते. नैराश्यविरोधी गोळीशी त्याचा संयोग झाल्यास शरीरातील सेरोटोनिन घातक पातळीवर जाऊ शकते. थरथर, घाम, ताप, छातीतील धडधड, स्नायूंचा ताठरपणा, गोंधळलेले मन ही त्याची लक्षणे असून अशा वेळी रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब नको. लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही हीच सावधगिरी हवी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके सोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटून भ्रम होतो, तोल जातो. आणि घरचे म्हणतात, ‘आता वयच झाले!’ मद्याविषयी तर वेगळे सांगावयास नकोच.

अस्थिरोगतज्ज्ञाने ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले असता मधुमेहाची गोळी सांगितली जाते आणि मनाची गोळी वगळली जाते. ही चूक रुग्णाची खरी. पण सांगितल्यानंतर डॉक्टरांची नजर बदलते, पाठीचे दुखणेही ‘मनाचेच’ ठरवले जाते, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. वैद्यकीय व्यवसायाने याचाही विचार करावयास हवा.

बरे वाटू लागल्यावर

सर्वांत अधिक गफलत होते ती औषध थांबवताना. दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागते, आणि लपवण्याचा जाच संपवण्याची घाई होते. पहिल्याच आजारातून पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारणपणे किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, आणि आजार पुनःपुन्हा उलटत असल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ, असा वैद्यकीय संकेत आहे. अचानक थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, अस्वस्थ स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात. पॅरोक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन यांच्याबाबत ते अधिक, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनबाबत कमी. हे त्रास पाहून कोणी म्हणते आजार उलटला, कोणी म्हणते व्यसन लागले. वास्तविक मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे वा काही महिने घेऊन, उतरवली असती तर ते बव्हंशी टळले असते.

इंग्लंडमधील ४७८ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटू लागलेल्या या रुग्णांपैकी ज्यांचे औषध क्रमाने उतरवून थांबवले, त्यांतील ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्याने पुन्हा गाठले. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे थांबवणे अशक्य नाही, कित्येकांना ते साधतेही; परंतु तो जोखमीचा निर्णय आहे आणि तो डॉक्टरांसह घ्यावयाचा आहे. गर्भधारणा झाल्याचे कळताच भीतीने गोळी बंद करणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू पडते. एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, हा साधा नियमही अनेकांस ठाऊक नसतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी बाजारात सर्रास मिळते. यांतील दुसरे औषध झोपेचे व शांतवनाचे. त्याची मात्र शरीराला खरोखर सवय लागते. चिठ्ठीवर पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ही गोळी दुकानदाराच्या ओळखीवर वर्षानुवर्षे चालू राहते. ‘अनुसूची एच’ मधील औषध नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीविना विकू नये, हा इशारा स्ट्रिपवर छापलेला असतो. तो वाचण्याची तसदी ना विक्रेता घेतो ना ग्राहक. उलट, डॉक्टरांच्या दारात दिसण्यापेक्षा ओळखीचे दुकान बरे, असा हिशेब लज्जाच मांडून देते.

गोपनीयता आणि लपवाछपवी

यावर कोणी म्हणेल, आजार ज्याचा त्याचा. तो सांगण्याची सक्ती कशाला? सक्ती नसावीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ पासून अंमलात आला, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि विम्याच्या बाबतीत मनाचे व शरीराचे आजार समान लेखावेत असेही बजावले आहे. परंतु गोपनीयता हा हक्क आहे, तर लपवाछपवी ही शिक्षा आहे. चावडीवर दवंडी पिटण्याची गरज नाही. घरातील वा मित्रांतील एक समजूतदार माणूस, उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर, आणि औषध देणारा दुकानदार, एवढ्यांना ठाऊक असले तरी पुरे. या गोळीचे बिल वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी दाखल केले तर कचेरीत चर्चा होईल, या भीतीने जो कर्मचारी खिशातून पैसे भरतो आणि ते परवडेनासे झाले की गोळी सोडतो, त्याच्या बाबतीत कसोटी मात्र त्याच्या सहकाऱ्यांची आहे.

व्यवस्थेचीही कसोटी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आणि मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाखामागे एकही भरत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिता येते. गुण कधी येईल, त्रास कोणता होईल, थांबवायचे कसे, हे सांगता येत नाही. यावर तोडगा नाही असे नव्हे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावून देणे, औषधांचा पाठपुरावा करणे ही कामे केली, तेव्हा सरकारी केंद्रांतील अधिक रुग्ण बरे झाले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. अशा सोयी गावोगावच्या आरोग्य केंद्रांपर्यंत आणि महाविद्यालयांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत.

तोवर शिक्षकांना, पालकांना, सहकाऱ्यांना एक गोष्ट निश्चित करता येईल. आपल्या समोरच्या माणसाने ‘मी अशी गोळी घेतो’ असे धीर करून सांगितले, तर ‘कशाला हवीत ती औषधे, मन खंबीर कर’ असा उपदेश करण्याऐवजी ‘पुन्हा डॉक्टरांना कधी दाखवायचे आहे?’ एवढेच विचारावे. त्या साध्या प्रश्नाने त्याला भेटीच्या तारखेची आठवण राहील, आणि आपल्या औषधाकडे लक्ष ठेवणारा आणखी एक माणूस आहे, हेही त्याला कळेल.