कोयता सोडला, चाकू धरला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

गेल्या सप्टेंबरात आमच्या बागेत कलम भरणी चालू होती. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. डॉगरीजचं जंगली रोप आधी लावलेलं असतं. त्याचा खुंट छाटायचा, मधोमध चीर द्यायची, डोळ्याची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. या कामाला चाकू लागतो आणि त्याला धार दाढीच्या ब्लेडसारखी लागते. काप एका ओढीत सपाट आला नाही तर जोड बसत नाही. जोड बसला नाही तर रोप पुन्हा भरा, म्हणजे हंगाम गेला.

संध्याकाळी टोळी घरी गेली आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी मोटारसायकल काढून नाशिकला निघालो. बहीण दवाखान्यात होती, तिला डबा द्यायचा होता. शहराच्या तोंडाशी नाकाबंदी. हँडलला पिशवी अडकवलेली, तिच्यात डबा, डब्याखाली सिकेटर आणि त्याखाली कोयता. साहेबांनी पिशवी उघडून पाहिली. कोयता बघितला, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं.

"शेतातून आलात का काका?"

"हो साहेब."

"जा."

मी किक मारणार तेवढ्यात त्यांची बॅटरी माझ्या पँटवर पडली. खिशाच्या कडेला काळी क्लिप चमकत होती. चेहराच बदलला माणसाचा. हे काय? चाकू. कशाला? कलमाचा आहे साहेब. कलम म्हणजे? मी कलम म्हणजे काय ते सांगायला लागलो आणि तिथंच माझं नशीब फिरलं. रात्री साडेअकरापर्यंत चौकीत बसवलं. शेवटी ओळखीतल्या एकाचा फोन गेला, वहीत नाव लिहिलं, चाकू ठेवून घेतला आणि मला सोडलं. कोयता मात्र परत दिला. पिशवीसकट. डबा गार झाला होता आणि बहीण शेजारच्या बाईनं दिलेली दोन बिस्किटं खाऊन झोपली होती.

चार दिवस मी नुसता धुमसत होतो. खात्याला शिव्या घालणारी पोस्ट लिहूनही ठेवली होती. टाकली नाही, कारण राग ओसरल्यावर कळलं की यात अर्धी चूक माझी आहे. ती आधी कबूल करतो, मग उरलेल्या अर्ध्याकडे वळतो.

तो चाकू मला पुतण्यानं दिला होता, ऑनलाइन मागवून. काळं पातं, काळी मूठ, मुठीला क्लिप. ती क्लिप खिशाच्या कडेला अडकवायची म्हणजे चाकू वरच राहतो, एका हातानं झटकन निघतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण जरा विचार करा, झटकन काढायची गरज कुणाला असते? मला कलम भरताना कसली घाई? मी खाली बसतो, काडी निवडतो, मग चाकू उघडतो. दिवसभर तो हातातच असतो. आणि खरं सांगायचं तर बागेत ही क्लिप कामाचीही नाही. उकिडवं बसलं की ती कापडातून सुटते आणि चाकू पाचटात पडतो. तारेखालून वाकून जाताना अडकते. मोटारसायकलवर मांडीला टोचते ते वेगळंच. म्हणजे जिथं चाकू लागतो तिथं क्लिप अडचणीची, आणि जिथं चाकू लागत नाही, म्हणजे रस्त्यावर, नाक्यावर, चहाच्या टपरीवर, तिथं ती सगळ्यांना दिसते. हे डिझाइन माझ्यासाठी केलेलंच नाही.

त्याआधी माझ्याकडे साधा लाकडी मुठीचा चाकू होता, तो मी खिशात तळाला टाकायचो. तेही बरोबर नव्हतं. किल्ल्या, सुट्टे पैसे आणि चाकू एकत्र राहिले की धारेला खाचा पडतात. शिवाय ज्या चाकूला लॉक नाही त्याची स्प्रिंग म्हातारी झाली की पातं खिशात थोडं उघडतं. माझ्या उजव्या तर्जनीवरचा वण किल्ली काढताना पडलेला आहे.

मग बरोबर काय? आमचे आजोबा चंची बाळगायचे. सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू, अडकित्ता, आणि त्यातच एक बोटाएवढा मिटता चाकू. सगळं गुंडाळून कोपरीच्या आतल्या खिशात. बाजारात, लग्नात, कोर्टात, सगळीकडं ती चंची गेली. कुणी चंची उघडायला लावली असती तरी चाकू सुपारीच्या शेजारी पडलेला दिसला असता आणि तो काय आहे ते न सांगता कळलं असतं. माझा कोयताही सिकेटरच्या शेजारी होता म्हणून सुटला. चाकू एकटा होता, खिशाच्या तोंडाशी होता, म्हणून धरला. विरळणीला येणाऱ्या बाया कात्री ओच्याला खोचून एसटीत बसतात, त्यांना आजवर कुणी हटकलेलं मी पाहिलं नाही. कात्रीचं टोक काही कमी नसतं!

आता कायद्याकडे येऊ, कारण कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, "सहा इंचांच्या आत चालतं" असं सांगायला. हे सहा इंच कुठून आले ते देव जाणे. शस्त्र नियम 2016 च्या यादीत धारदार शस्त्रांसाठी माप आहे ते असं: पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद, आणि त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली वस्तू वगळलेली. एवढं वाचून छाती फुगवू नका. आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 आहे आणि त्याचं कलम 37(1) आहे. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही असलं की या कलमाखाली मनाई आदेश निघतो. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, चाकू, काठ्या, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी. त्यात इंचाचा हिशेब नाही. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयानं लेखी कारण दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. वर दंड. हे आदेश पंधरा दिवसांचे असतात, पण एक संपतो न संपतो तोवर दुसरा निघतो. पेपरात आतल्या पानावर दोन बोटं जागेत छापून येतात. कलम भरणीच्या दिवसांत गणपती असतात, नवरात्र असतं. म्हणजे ज्या दिवसांत माझ्या तालुक्यातल्या शेकडो माणसांच्या खिशात चाकू असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो असणं गुन्हा ठरू शकतं.

ही उरलेली अर्धी चूक, आणि ती माझी नाही. शरीरानं अधू माणसाला आधाराची काठी चालेल, अशी सूट मी स्वतः अशा आदेशांत वाचली आहे. म्हणजे वस्तू तीच, पण माणूस आणि काम बघून सूट देता येते हे साहेब लोकांना माहीत आहे. मग कामावर जाता-येता, इतर अवजारांबरोबर, मिटलेल्या स्थितीत बाळगलेल्या शेतीच्या चाकूला एका ओळीची सूट द्यायला काय हरकत आहे? आज ती ओळ नाही, त्यामुळे सगळं नाक्यावरच्या माणसाच्या अंदाजावर. साहेब शेतकऱ्याच्या घरचे असले तर "जा काका", शहरातले असले तर "कलम म्हणजे?" माझ्या ओळखीतल्या माणसानं फोन केला. कलमाच्या टोळीतली पोरं लांबून येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपतात, त्यांच्यासाठी फोन कोण करणार?

आणि आता जरा पुतण्याच्या वयाच्या पोरांशी बोलतो. राग आला तरी चालेल. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनी पोलिसांचे डोळे ताणले गेलेत ते उगाच नाही. तुम्ही रीलमध्ये चाकू फिरवता, टपरीवर खटका वाजवता, आणि विचारलं की म्हणता, "सेफ्टीसाठी आहे काका." कसली सेफ्टी? दोन पोरं मारायला आली आणि तू तीन इंचाचं पातं उघडलंस तर काय होईल? घामानं हात मुठीवरून घसरून स्वतःच्याच धारेवर जाईल, नाहीतर ते हिसकावून घेतील. यातलं काहीच झालं नाही आणि तू जिंकलास, तर आत जाशील. तुमच्या या हौसेमुळं चौकीत बसतो तो सालदार, कलमवाला, नारळपाणीवाला. मी हे पुतण्याला तोंडावर सांगितलंय, आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

"खिशात चाकू हवाच कशाला?" असं विचारणाऱ्या शहरातल्या मित्रांनाही एक सांगतो. तुम्ही जी द्राक्षं खाता त्यांतल्या कितीतरी वेली कधीतरी चाकूनं चिरून जोडलेल्या असतात. चाकू बाळगू नका म्हणणं सोपं आहे. कसा बाळगायचा ते सांगा.

मी काय करतोय ते सांगतो. गावातल्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासच्या बारा थैल्या शिवून घेतल्यात, गुंडाळून नाडी बांधायच्या. एकीत सिकेटर, पट्टीचं रीळ, स्पिरिटची छोटी बाटली, धारेचा दगड आणि चाकू. रस्त्यानं जाताना थैली डिकीत किंवा पिशवीच्या तळाशी, खिशात काही नाही. टोळीतल्या प्रत्येकाला एक. एका थैलीला एकशे दहा रुपये पडले.

आणि निवेदन तयार आहे, एक पान. मनाई आदेशात शेतीच्या अवजारांना सूट देणारी ओळ घाला, एवढीच मागणी. सोमवारी अकरा वाजता तहसील कचेरीच्या दारात भेटू, तिथून पोलीस ठाण्यात दुसरी प्रत. सही करणाऱ्यानं आधार कार्डाची झेरॉक्स आणि सातबारा आणावा. टोळीतल्या मजुरांकडे सातबारा नसतो, त्यांनी नुसतं आधार आणलं तरी चालेल. आणि येताना चाकू आणू नका, आदेश अजून लागू आहे.