पळून आलेल्यांचे धर्मशास्त्र

इराणातील सूसा येथे १९०१-०२ च्या हिवाळ्यात फ्रेंच संशोधकांना काळ्या दगडाचा एक प्रचंड स्तंभ सापडला, आणि त्यावर कोरलेली बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची पावणेतीनशेहून अधिक कलमे वाचली गेली, तेव्हापासून यहुदी धर्मशास्त्राविषयी एक मत सुशिक्षितांत दृढमूल होऊन बसले आहे. मोशेच्या नावावर चालणारा कायदा ही बाबिलोनी कायद्याची नक्कल असून, मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेची कथा ही त्या नकलेला मागाहून जोडलेली प्रस्तावना होय, असे ते मत. त्याच १९०२ साली बर्लिनमध्ये साक्षात कैसरसमोर व्याख्यान देऊन फ्रीड्रिख डेलिच या पंडिताने बायबलाचे बरेचसे वैभव बाबिलोनच्या खाती जमा केले, त्यामुळे या मताला मोठीच प्रतिष्ठा लाभली. ते मला अग्राह्य वाटते. कारण ते कलमे मोजते, पण ती कोणाच्या बाजूने उभी आहेत हे पाहत नाही.

पूर्वपक्ष दुर्बल नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेला बैल दोघांनी वाटून घ्यावा, हा ‘निर्गम’ ग्रंथातील नियम हम्मुराबीच्याही आधीच्या एश्नुन्ना राज्याच्या कायद्यात जवळजवळ जसाच्या तसा आहे. डोळ्याबद्दल डोळा हे सूत्रही बाबिलोनला ठाऊक होते. पश्चिम आशियात कायदा लिहिण्याची एक जुनी वहिवाट होती आणि हिब्रू शास्त्रकार तिच्यातच वाढले, यात शंका नाही.

सुटकेच्या कथेवरील आक्षेपही असाच वजनदार आहे. मिसरच्या एकाही लेखात मोशेचे नाव नाही, आणि सहा लक्ष पुरुष बायकामुलांसह सिनाईच्या वाळवंटात चाळीस वर्षे वावरल्याची खूण उत्खननात मिळालेली नाही. ती संख्या अक्षरशः घ्यावी असा माझा आग्रह नाही. परंतु मोठा जथा गेला नाही म्हणून कोणीच गेले नाही, हा तर्क टिकत नाही. इ. स. पू. १२०८ च्या सुमारास फारो मर्नेप्ताह याने कोरविलेल्या विजयलेखात इस्राएल हे नाव कनानमधील एक लोकसमूह म्हणून आलेले आहे. आणि साधारण त्याच काळच्या एका पपायरसावर, राजवाड्यातून निसटलेल्या दोन दासांचा पाठलाग करणाऱ्या सरहद्दीवरील अंमलदाराचे पत्र आहे. ते दोघे कोणत्या ठाण्यावरून कधी गेले, तटबंदी कोठे ओलांडली, याची तो कसून चौकशी करतो. मिसरची पूर्व सरहद्द ओलांडून दास पळत होते आणि सरकार त्यांच्या मागावर माणसे धाडीत होते, एवढे तरी या कागदाने सिद्ध होते.

आता पळालेल्या माणसाचे काय करावे, याविषयी त्या काळचे कायदे काय सांगतात ते पाहू. हम्मुराबीच्या सोळाव्या कलमानुसार, फरारी दासाला घरात लपवून दवंडी पिटल्यावरही हजर न करणाऱ्या घरधन्यास देहान्त शिक्षा आहे. दुसरा रामसेस आणि हित्ती राजा हत्तुसिली यांच्यात इ. स. पू. १२५९ च्या सुमारास जो तह झाला, त्यातही पळून आलेली माणसे, थोर असोत वा सामान्य, परस्परांच्या हवाली करण्याची कलमे आहेत. राजाराजांत हाडवैर असले तरी पळालेल्याला परत धाडण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत होते. या सार्वत्रिक शिरस्त्याविरुद्ध बायबलातील ‘अनुवाद’ नामक पाचव्या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात असा हुकूम आहे की, धन्यापासून पळून जो दास तुझ्याकडे आला त्याला धन्याच्या हवाली करू नकोस; त्याला रुचेल त्या गावी राहू दे आणि त्याला गांजू नकोस. हे वाक्य बाबिलोनच्या कोणत्या कलमाची नक्कल आहे, हे नक्कलवाद्यांनी दाखवून द्यावे. ज्यांचे पूर्वजच फरारी होते, निदान आपण फरारी लोकांची प्रजा आहोत अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती, त्यांच्याच लेखणीतून असा कायदा उतरू शकतो.

ही स्मृती एका कलमापुरती नाही. दासाचा डोळा फोडला तर बाबिलोनात त्याची अर्धी किंमत भरावी लागे, आणि ती अर्थातच धन्याला. निर्गमात मात्र धन्याने आपल्या दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला, तर तो दास मुक्त होतो. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नसते, असेही निर्गम सांगतो. आजच्या तेल अवीवच्या दक्षिणेस समुद्रकाठच्या एका किल्ल्यात १९६० साली इ. स. पू. सातव्या शतकातील एक खापर सापडले, त्यावर शाईने लिहिलेली एका कापणी करणाऱ्या मजुराची फिर्याद आहे. मी माझे काम पुरे केले असता अमक्याने माझे वस्त्र काढून नेले, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सोबती साक्ष देतील, तेव्हा ते मला परत मिळावे, अशी दाद तो अधिकाऱ्याकडे मागतो. त्याने शास्त्रवचन उद्धृत केलेले नाही. पण अंगावरच्या एका वस्त्रासाठी मजुराला अधिकाऱ्यापुढे निर्भयपणे उभे राहता येते, ही गोष्ट मला पुष्कळ महत्त्वाची वाटते.

शब्बाथाचेही, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचेही, तसेच. ‘अनुवाद’ त्या विश्रांतीचे कारण सांगताना सृष्टीच्या उत्पत्तीकडे जात नाही. तूही मिसरात दास होतास याची आठवण ठेव, म्हणजे तुझे दासदासी तुझ्याप्रमाणेच विसावा घेतील, असे सांगतो, आणि त्या विसाव्यात बैल व गाढव यांनाही सामील करतो. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्या दिवशी घाण्याचा बैलही मोकळा असे.

यावर सर्वांत कठीण आक्षेप उरतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच शास्त्राने दास्य नष्ट केले नाही. ‘लेवीय’ ग्रंथ परकीय दास वंशपरंपरा बाळगण्याची मुभा देतो. हा त्या शास्त्राचा दोषच आहे, आणि काळाची सबब सांगून मी तो झाकणार नाही. परंतु ज्या मापाने आपण हा दोष मोजतो ते माप त्याच शास्त्रात आहे. यरुशलेमला बाबिलोनी सैन्याचा वेढा पडला असता सिद्कीया राजाने हिब्रू दासांना मुक्त केले आणि संकट टळल्यासे वाटताच धन्यांनी त्यांना पुन्हा पकडून आणले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने राजाला व सरदारांना जाब विचारला तो मिसर सोडतेवेळी झालेल्या कराराच्या आधारावर. याउलट हम्मुराबीच्या स्तंभावर राजा सूर्यदेवापुढे उभा राहून राज्यचिन्हे स्वीकारतो, आणि खालची कलमे त्याच्याच न्यायबुद्धीची कीर्ती म्हणून कोरलेली आहेत. हिब्रू शास्त्रात राजाचे एकही फर्मान नाही. राज्यावर बसल्यावर राजाने या नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून काढावी आणि ती आयुष्यभर रोज वाचावी, एवढेच काम त्यात त्याच्याकडे सोपविले आहे.